किरणोत्सारी कण तपासायचेत? मग रसायनशास्त्र सोडू नका

प्रश्न : मुलगी सांगलीत बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माती, धूळ, जप्त केलेल्या वस्तू यांवरचे किरणोत्सारी कण मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासायचं काम तिला करायचंय. त्यासाठी हे सोडून फॉरेन्सिकच्या पदवीला जाते म्हणते. घरात किरणोत्सर्गाची धास्ती आहे. काय करावं? – एक पालक, तासगाव

उत्तर : आधी धास्तीचं बघू. एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, युरेनियम ऑक्साइडचा कण म्हणजे एका ग्रॅमचे लाख कोटी भाग केले, तर त्यातले पाच-सहा. युरेनियम नैसर्गिक असेल तर अशा कणातला एखादा अणू फुटायला सरासरी तीनेक महिने लागतात. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर घेऊन कोण बसणार? म्हणून तर फुटायची वाट न बघता मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर वस्तुमानानुसार अणूच मोजतात. उलट बाहेरची धूळ नमुन्यात जाऊ नये म्हणून माणसालाच झाकून घ्यावं लागतं. अर्थात सगळे नमुने इतके निरुपद्रवी नसतात. वापरलेल्या इंधनाचे तर जाड भिंतींच्या बंदिस्त कक्षातच हाताळतात.

आता फॉरेन्सिकचं. माझं मत स्पष्ट आहे : पदवी बदलू नका. युरेनियमचे अणू वेगवेगळ्या वजनांचे असतात, त्यांना समस्थानिकं म्हणतात. नैसर्गिक युरेनियमात २३५ वजनाचं समस्थानिक ०.७२ टक्के असतं. जास्त सापडलं तर ते समृद्ध केलेलं, म्हणजे २३५चं प्रमाण मुद्दाम वाढवलेलं. २३६ सापडलं तर माल अणुभट्टीतून आलेला. पण २३५ला एक हायड्रोजन चिकटला की त्याचंही वजन २३६च भरतं! खरा २३६ किती आणि हा तोतया किती, हे ज्याला सोडवता येतं तोच इथे टिकतो. त्यासाठी रसायनशास्त्राचा पायाच पक्का लागतो.

तिला एम.एस्सी. करू द्या, शिवाजी विद्यापीठ जवळच आहे. ‘गेट’ या राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेची तयारी सोबतच सुरू करावी. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेत त्या गुणांवर किंवा त्यांच्या स्वतंत्र परीक्षेतून मुलाखतीला बोलावतात. एम.एस्सी.ला किमान साठ टक्के हवेत.

नेमक्या याच कामाच्या जागा देशात मोजक्याच, हे मात्र लपवत नाही. पण मास स्पेक्ट्रोमीटर चालवणारा माणूस रिकामा बसत नाही. तुमच्या तासगावची द्राक्षं युरोपला जाण्याआधी त्यातले कीटकनाशकांचे अंश मास स्पेक्ट्रोमीटरवरच तपासतात. यंत्राची जात थोडी वेगळी, तत्त्व तेच. हंगामात अशी एखादी प्रयोगशाळा महिनाभर शिकाऊ म्हणून घेते का, ते महाविद्यालयाचं पत्र घेऊन विचारा. आणि विचारायला तिलाच पाठवा.