पी-टाऊ २१७ ची रक्तचाचणी कोणी करावी?

आपल्या आईंचे वय ६८ असून वर्षभरापासून त्या तेच ते प्रश्न पुन्हा विचारतात, आपण स्वतः ४२ वर्षांचे आहात व कोणतीही तक्रार नाही. तेव्हा अल्झायमर लवकर ओळखण्यासाठीची पी-टाऊ २१७ ही रक्तचाचणी दोघांनीही करावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते आईंसाठी ती विचारात घेण्याजोगी आहे, आपल्यासाठी नाही.

या आजारात मेंदूत बीटा-ॲमिलॉइड प्रथिनाचे थर साचतात आणि चेतापेशींत टाऊ प्रथिनाचा गुंता होतो. ही प्रक्रिया विस्मरण जाणवण्याच्या १५-२० वर्षे आधीच सुरू झालेली असू शकते. ॲमिलॉइड साचू लागले की मणक्यातून काढलेल्या द्रवातील बीटा-ॲमिलॉइड ४२ (या प्रथिनाचा एक प्रकार) वाढत नाही, उलट घटते, कारण ते मेंदूतच अडकून पडते. अहवाल प्रथमच पाहणारे बहुतेक जण इथे गोंधळतात. पी-टाऊ २१७, म्हणजे विशिष्ट जागी फॉस्फेट जोडले गेलेले टाऊ, मात्र वाढते. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये प्रथमच मान्य केलेली रक्तचाचणी या दोहोंचे गुणोत्तर पाहते. ती मान्यता ५५ वर्षे व त्यावरील, आजाराची लक्षणे दिसत असलेल्या व्यक्तींपुरती आहे, आणि ही अट निव्वळ औपचारिक नाही.

समजा, एखादी चाचणी आजाराची प्रक्रिया असलेल्या शंभरांपैकी ९० जणांना अचूक ओळखते आणि नसलेल्या शंभरांपैकी ९० जणांना अचूक वगळते. विस्मरणाची तक्रार घेऊन आलेल्या १००० जणांपैकी ६०० जणांत ती प्रक्रिया असेल, तर ५४० अहवाल खरे पॉझिटिव्ह आणि ४० खोटे येतील. तक्रार नसलेल्या १००० जणांत अशा व्यक्ती ५० च असतील, तर ४५ खरे आणि ९५ खोटे पॉझिटिव्ह येतील. चाचणी तीच, पण दुसऱ्या गटात घाबरलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोक विनाकारण घाबरलेले असतील.

आईंच्या बाबतीतही सुरुवात या चाचणीपासून करू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, श्रवणदोष आणि काही झोपेच्या गोळ्या यांमुळेही असेच चित्र दिसते, आणि त्यांतील बरेचसे सुधारता येते. स्मरणशक्तीची पद्धतशीर तपासणी व मेंदूचा एमआरआय त्यानंतर येतो. मूत्रपिंडाचा जुना विकार असल्यास डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा, कारण त्यामुळे रक्तातील पी-टाऊ वाढलेले दिसू शकते. अहवाल मधल्या, अनिश्चित पट्ट्यात आला तर मेंदूतील ॲमिलॉइड दाखवणारा पेट (पीईटी) स्कॅन किंवा मणक्यातील द्रवाची तपासणी करावी लागते.

आपल्याविषयी आणखी एक मुद्दा उरतो. लक्षणे नसताना चाचणी खरोखर पॉझिटिव्ह आली, तरी त्या स्थितीला आजार म्हणावे की नाही यावर तज्ज्ञांतच मतभेद आहेत. मेंदूत ॲमिलॉइड असूनही अनेकांना आयुष्यभर स्मृतिभ्रंश होत नाही. लेकानेमॅब व डोनानेमॅब ही औषधे सौम्य लक्षणे असलेल्यांसाठीच मान्य आहेत, त्यांनी ऱ्हास थांबत नाही, केवळ मंदावतो, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असतो. तेव्हा अहवाल काहीही आला तरी आज आपल्या उपचारात काही बदलणार नाही. आईंना मात्र पॉझिटिव्ह अहवालामुळे हीच औषधे योग्य ठरतील का, हा प्रश्न मेंदूविकारतज्ज्ञांपुढे ठेवता येईल, आणि ती खिडकी आजार सौम्य असेपर्यंतच उघडी असते.