'कॅकेक्सिया'ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर. फाइलवर डॉक्टरांनी 'कॅकेक्सिया' लिहिलंय. कोशात 'क्षय' सापडला. तो सांगितला, तर आत्याबाईंनी टीबी समजून नातवंडांना भेटायला आणणंच बंद केलं. मग म्हणायचं काय?

ताई, 'खंगणे' म्हणा. बाबा खंगत चाललेत.

'क्षय' अर्थाने चूक नाही, पण मराठीत तो टीबीनेच अडवून ठेवलाय. 'कृशता' वरून दिसते तेवढीच सांगते. 'कुपोषण' मात्र मला फार खटकतो, त्यात घरच्यांवर ठपका आहे. मूळ ग्रीक शब्दात बारीकपणाचा उल्लेखही नाही: काकोस म्हणजे वाईट, हेक्सिस म्हणजे अवस्था.

श्रावणात उपास केले की माणूस रोडावतो, रोज पर्वती चढला की बारीक होतो, खंगत नाही. खंगायला आतून काहीतरी पोखरावं लागतं, दुखणं किंवा घोर. इथे नेमकं तेच होतं. उपासात शरीर हात राखून खर्च करतं: चरबी काढतं, स्नायू होईल तितके वाचवतं. कॅन्सरमध्ये तो हिशेबच बिघडतो. गाठ आणि तिच्याशी झुंजणाऱ्या पेशी अशी द्रव्यं सोडतात की चरबीच्या पेशी साठा मोकळा करतच राहतात आणि नवा साठा होणं मंदावतं. अशा एका द्रव्याला या अवस्थेवरूनच 'कॅकेक्टिन' नाव पडलं होतं. ते आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर (गाठीच्या पेशी मारणारं म्हणून आधीच ओळखलेलं द्रव्य) एकच, हे १९८५ साली कळलं. पुढे २०१४मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की साठवणीची पांढरी चरबी तपकिरी चरबीसारखी वागू लागते. तपकिरी चरबी म्हणजे तान्ह्या बाळाला ऊब देणारी. ती इंधन जाळून नुसती उष्णता करते. चूल धडधडतेय आणि वर भांडंच नाही. शिवाय स्नायूही झिजतात, ते वेगळंच.

आपल्याकडे म्हणतात ना, 'खाल्लेलं अंगाला लागत नाही', ते इथे शब्दशः खरं आहे. माझ्या मामींच्या शेवटच्या वर्षी सदाशिव पेठेतल्या घरी मी रोज डबा न्यायचो. अंगठी गळून पडू नये म्हणून त्यांनी तिला आतून दोरा गुंडाळला होता, दर पंधरा दिवसांनी आणखी थोडा. पाटल्या कोपरापर्यंत सरकायच्या. भेटायला येणारा प्रत्येक जण मामेबहिणीला विचारायचा, "अगं, नीट खायला घालतेस ना?" ती स्वयंपाकघरात जाऊन रडायची. 'रोडावल्या' म्हटलं की लोक ताटाकडे बघतात. 'खंगल्या' म्हटलं की दुखण्याकडे. म्हणून शब्दाचा एवढा आग्रह.

नाम हवं असेल तर 'कॅन्सरमुळे येणारं खंगलेपण' म्हणा, लांब आहे पण कुणाचा गैरसमज होणार नाही. आणि आत्याबाईंना आज फोन करून एवढंच सांगा: "आत्या, टीबी नाही, कुणाला लागण होत नाही. बाबा कॅन्सरने खंगलेत. मुलांना घेऊन या."