बँड तोच, गाणं तेच, मंग मोबाईलवर पांचट काऊन लागते?

प्रश्न: भाऊ, नमस्कार. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, पुण्यात कंपनीत कामाले आहो. मित्रानं ओढून एका म्युझिक फेस्टले नेलं, रातच्या मोठ्या बँडसाठीच गेलो होतो खरं तं, पण दुपारी छोट्या स्टेजवर चार पोट्टे रॉक वाजवत होते, नाव कधी आयकलं नोतं, समोर पन्नासक लोकं असतीन, अन मी तिथून हाललोच नाई. मोठा बँड आला तरी डोक्यात या पोट्ट्यायचंच गाणं चालू. आता दिवाईले गावी आलो, बाबाले मोबाईलवर त्यायचं गाणं लावून देलं तं बाबा म्हणे हे काय डबडं वाजते बे. अन मले बी तसंच लागलं! मंग त्या दिवशी मले काय ऊन लागलं होतं का? दुसरं, या बँडले आमच्या गावच्या मंडईले, म्हणजे दिवाईनंतरच्या जत्रेले, बोलावता येईन का?

उत्तर: बाबू, ऊन थोडंसं लागलं असन, दोस्त संग असले की काईबी भारी वाटते, पण सगळा दोष उनाले नको देऊ.

बेस गिटारची सगळ्यात जाडी तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, म्हणजे सेकंदाले ४१ कंपनं. मोबाईलचा स्पीकर येवढासा, त्याच्यातून इतका खालचा सूर निंगतच नाई, वरचे वरचे तेवढे आयकू येते. ड्रमचा जो ठोका तिथं तुह्या छातीत बसला तो गायब, उरलं काय तं झांजा, गिटारची किरकिर अन गाणाऱ्याचं वरडणं. बाबानं अर्धाच बँड आयकला! पटत नसन तं बाबाच्या आवडीचं खंजिरी भजन त्याच मोबाईलवर लाव, ते बी कोरडंच लागन. मंग चांगले हेडफोन त्यायच्या कानाले लावून तुहं गाणं पुन्हा आयकव. आवडनच असं नाई, पण निदान डबडं म्हणणार नाईत.

आता दुसरी गोष्ट, नव्या पोट्ट्याइकडे स्टुडिओले पैसा नसते. कोणाच्या तरी खोलीत रेकॉर्ड केलं, मिक्स दोस्तानं करून देलं, त्याच्यात स्टेजवरचा जोर कुठून येईन? अन काई बँड असतेच स्टेजचे. इंडियन ओशन घे, १९९० चा दिल्लीचा बँड, पहिला अल्बम स्टुडिओत केलेला, तो १९९३ ले आला, अन १९९७ चा 'डेझर्ट रेन' म्हणजे सरळ लाइव्ह कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग. ते आयक एकडाव.

तुह्या कानावर माहा भरवसा आहे त्याचं कारण येगळंच. दुपारच्या छोट्या स्टेजवर नव्या बँडले धड साउंडचेक (कार्यक्रमाआंधी आवाज नीट लावून पायनं) बी भेटत नाई, मागचा बँड उतरला की तारा लावा, आवाज येते का तेवढं पाहा अन व्हा सुरू. वरून ऊन, पुढं जे लोकं ते बी चहा पीत. येवढ्यात जो बँड माणसाले जागेवर उभा ठेवते त्याच्यात काईतरी आहेच. एकच पारखून पाय, मोबाईल न लावता त्यायची कोणती चाल गुणगुणता येते का? येत असन तं मंग ऊन नोतं ते.

अन आवडले तं नुसतं लाइक ठोकून भागत नाई. ऑनलाइन फुकट आयकलं तं एका वेळचा रुपया बी बँडच्या हाती येत नाई. बँडकॅम्प नावाच्या गाणे विकाच्या वेबसाइटवर गाणं विकत घेतलं तं बहुतेक पैसा बँडले जाते. पुण्यात रायतंस तं त्यायच्या लहान हॉलमधल्या कार्यक्रमाचं तिकीट काढ, दोन दोस्त घेऊन जा.

मंडईचं म्हणशीन तं मले हे डोकं आवडलं, पण रातच्या नाटकाच्या आंधी त्यायले उभं नको करू. आपल्या पूर्व विदर्भातलं झाडीपट्टीचं पब्लिक नाटकाची वाट पायत असते, पंधरा मिनिटात "उतरा खाली" चालू होईन, पोट्टे बिचारे पुन्हा इकडं येणार नाईत. दिवसा दंडार (आपलं लोकनाट्य) झाल्यावर, संध्याकाळी पाचच्या आसपास ठेव. नियमानं रातच्या १० नंतर उघड्यावर भोंगे बंद (आपले नाटकं रातभर कशे चालते ते मले नको विचारू). ड्रमसेट पुण्यावरून नको आणू, नागपुरात भाड्यानं भेटते काय ते पाय. आपल्या नाटकवाल्यायकडे ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड (काडीनं वाजवाचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाले तयारीचे असते, त्यातल्या एखाद्याले संग बसव, दोनी बाजूच्या पोट्ट्यायले मजा येईन अन पब्लिकले वयखीचं काईतरी भेटन. जनरेटर मातर सांगून ठेव, अन व्होल्टेज खालीवर झालं तं अँप्लिफायर जळते म्हणून स्टॅबिलायझर बी पायजेन. जाण्यायेण्याचा खर्च अन काई मानधन आंधीच ठरव, "तुमची प्रसिद्धी होईन" असं चुकून बी म्हणू नको, ते बिचारे ते आयकून आयकून पकलेले असते.