दोन लहान मुलं आणि सत्तरीचे सासू-सासरे यांना घेऊन बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि त्यातली कान्हेरीची लेणी एका दिवसात होतील का?

होतील, आणि फार छान होतील. फक्त आधी कान्हेरी गाठा. बरेच जण सकाळचा गारवा गेटजवळच्या बागेत घालवतात आणि भर दुपारी तापलेला कातळ चढायला घेतात. वयस्कर माणसांचे त्यात हाल होतात.

गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. मोठ्यांना चालवू नका, आतून जाणारी बस घ्या. पार्कचं तिकीट वेगळं, लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं वेगळं. सोमवारी पार्क बंद असतं.

लेणी शंभरावर आहेत, सगळी बघायचा हट्ट धरू नका. तीन नंबरचं चैत्यगृह, म्हणजे भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन, सुरुवातीलाच लागतं, तिथपर्यंत सासू-सासरे सावकाश येतील. ओसरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या जवळजवळ सात मीटर उंच उभ्या मूर्ती आहेत. आत गेल्यावर मुलांना खांब नीट बघायला सांगा. काहींवर हत्ती आणि माणसं कोरलेली आहेत, तर काही नुसतेच अष्टकोनी, काम अर्धवट राहिलेले. कुठले पुरे झाले आणि कुठले राहिले, हे पोरं स्वतःच शोधून काढतात. मग अकरा नंबरचं 'दरबार' लेणं. त्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत दगडाचे दोन लांब, बुटके ओटे आहेत. असं लेणं दुसरीकडे बघायचं तर वेरूळला, पाच नंबरमध्ये.

पण माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त वेळ पाण्याला द्या. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे भिक्खूंची वस्ती होती. पावसाळ्यात भिक्खूंनी फिरायचं नाही, एका जागी वर्षावास करायचा, असा नियम. आणि बेसॉल्टचा हा डोंगर उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत. म्हणून विहारांच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्यांच्या, तोंडाशी कातळात टाकी खोदली आणि पावसाचं पाणी त्यांत उतरावं म्हणून दगडातच पन्हळी कोरल्या. एखादी पन्हळ वरच्या उतारावरून बोटाने धरत मुलांना टाक्यापर्यंत येऊ द्या. कित्येक टाक्यांत आजही पाणी असतं, तेव्हा काठावर मुलांचा हात सोडू नका. इथे कोरलेल्या लेखांमध्ये या टाक्यांना 'पोढी' म्हटलंय. कल्याणच्या एका सोनाराने अशी पोढी दान दिल्याचा ब्राह्मी लेख इथेच आहे. आपल्या लोकलच्या कल्याणचा सोनार! मला हा लेख राजांच्या लेखांपेक्षा जवळचा वाटतो. सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, दात्यांचीही नावं इथे सापडतात. मूर्ती बघून पोरं पुढे पळतात, पण इथे माणसं झोपायची कुठे, पाणी कुठून प्यायची, हे कळलं की प्रश्न विचारायला लागतात.

वरच्या लेण्यांच्या पायऱ्या उभ्या आहेत. एकाने मुलांना घेऊन वर जावं, बाकीच्यांनी खाली सावलीत बसावं. माथ्यावरून सगळं रान दिसतं आणि त्याच्या कडेला टेकलेल्या इमारतीही.

माकडांची मात्र खरी काळजी घ्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती गेलीच. डबे चेन असलेल्या सॅकमध्ये ठेवा आणि माकडांना काहीही खायला घालू नका. आदिवासी पाड्यांवरच्या बायका काकडी, पेरू विकायला बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्या, पण तिथेच, घोळक्यात उभं राहून खा.

भर पावसात ओढे वाहतात, डोंगर देखणा दिसतो, पण कातळ निसरडा होतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांसोबत तेव्हा नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सफारी त्याच दिवशी कोंबू नका, ती पुढच्या खेपेला ठेवा. दुपारी बसने खाली या, झाडाखाली डबे सोडा, आणि मुलांत दम उरलाच तर गांधी टेकडी चढून या. अंधाराच्या आत मात्र गेटबाहेर पडा, हे बिबट्यांचं रान आहे.