नाडी चौपन्न, आणि पुढे?

"मॅडम, ही गोळी हृदयाची आहे म्हणे."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरच्याचा हात खिशाकडे गेला की पुढे काय निघणार ते मला कळतं. कोपरे दुमडलेली, निम्मी संपलेली प्रोप्रॅनोलॉलची स्ट्रिप टेबलावर येते. मेडिकलवाला म्हणाला बीपीची आहे. मेहुणा म्हणाला हार्टची आहे. डॉक्टरांनी तर घाबरल्यासारखं होतं म्हणून दिली. मग मला नक्की झालंय काय? शिवाय गोळी सुरू केल्यापासून हात गार पडतात, जिना चढला की दम लागतो, रात्री भलतीसलती स्वप्नं पडतात. सोडून देऊ का?

खरं म्हणजे तिघांचंही बरोबर असतं. प्रोप्रॅनोलॉल हे औषध जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधलं ते हृदयविकाराने छातीत कळ येणाऱ्यांसाठी. १९८८ साली त्यांना मिळालेल्या नोबेलमागे हेही काम होतं. रक्तदाबासाठीही ते वापरलं गेलं. घाबरल्यावर अंगात अॅड्रेनॅलिन उसळतं आणि त्याचा धक्का हृदयाला बसतो. तो धक्का हे औषध अडवतं, म्हणून धडधड आणि हाताची थरथर कमी होते. नेमबाजी आणि तिरंदाजीत या जातीच्या गोळ्यांवर बंदी आहे ती यामुळेच. म्हणजे भीतीसाठी ही गोळी मिळाली म्हणून तुमचं हृदय बिघडलंय असं नाही. एवढं कळलं तरी निम्मे लोक सुटकेचा श्वास टाकतात.

सुहास (नाव बदललंय) त्या निम्म्यांतला नव्हता.

वय चौतीस, बँकेत शाखाधिकारी. दर सोमवारी झोनल ऑफिसची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, असायची. थकीत कर्जांचा आकडा सांगायची पाळी आली की छातीत धडधड, घशाला कोरड, हातातला कागद थरथरायचा. मानसोपचारतज्ज्ञांनी प्रोप्रॅनोलॉल वीस मिलिग्रॅम सकाळ-रात्र सुरू केलं आणि समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. धडधड थांबली, पण बाकीचं सुरू झालं.

पहिल्याच भेटीत त्याची बायको म्हणाली, "हे रात्री दोनला ओरडत उठतात. हात लावला तर बर्फासारखा गार."

मी अॅड्रेनॅलिनचं माझं ठरलेलं व्याख्यान दिलं. ते मला चांगलं जमतं आणि लोकांना आवडतंही. सुहास मान डोलावत होता. पण दर मिनिटाला त्याचं डावं मनगट वळत होतं आणि नजर घड्याळावर जात होती. वेळ बघतोय असं मला वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला.

दुसऱ्या भेटीला आला तो सुकलेल्या चेहऱ्याने. "गोळी बंद केली. परवापासून आधीपेक्षा जास्त धडधडतंय. म्हणजे आत काहीतरी आहेच."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"रागावतील."

"माझ्यासमोर लावा फोन."

डॉक्टर थोडे रागावलेच. ही गोळी रोज घेत असताना एकदम तोडली तर दाबून ठेवलेली धडधड उसळी मारते. हृदयरोग्याच्या बाबतीत ते धोक्याचंही ठरू शकतं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, रात्रीची मात्रा निम्मी करून संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितली आणि खात्रीसाठी ईसीजी काढून घेतला. तो व्यवस्थित निघाला. हे औषध मेंदूत शिरतं, त्यामुळे काहींना ठसठशीत, भीतिदायक स्वप्नं पडतात. वेळ आणि मात्रा बदलल्यावर सुहासची आठवडाभरात कमी झाली. हे श्रेय माझं नाही. मात्रा ठरवणं समुपदेशकाचं काम नाही, आणि जो समुपदेशक ती ठरवतो त्याच्याकडे जाऊ नका.

माझं काम चौथ्या भेटीत सुरू झालं. मनगट पुन्हा वळलं. या वेळी मी विचारलं, "किती वाजले?"

तो ओशाळला. "वेळ नाही मॅडम. नाडी बघतोय. चौपन्न."

"चक्कर येतेय? डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही."

"मग चौपन्न झाली तर काय होईल?"

"अशीच खाली खाली जाऊन थांबेल."

"गोळी नव्हती तेव्हा मीटिंगमध्ये किती असायची?"

"एकशे बावीस."

"तेव्हा काय वाटायचं?"

"आता फुटणार."

मी काही बोलले नाही. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते ऐकत बसले. अशा वेळी गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली आहेत. सुहास घड्याळाकडे बघत राहिला, मग हळूच हसला.

"म्हणजे मला कुठलाच आकडा चालत नाही."

मी घरी जाऊन डायरीत लिहिलेलं वाक्य हे. आमच्या दोघांच्या कामातलं सर्वांत मोलाचं वाक्य त्याचं होतं, माझं नाही. तोवर मी गोळीचा त्रास आणि भीतीचा त्रास असे दोन वेगळे कप्पे करून चालले होते. भीती तीच होती, तिने फक्त बाजू बदलली होती. आधी धडधडीला चिकटली होती, आता संथ नाडीला, गार बोटांना. गोळीने छातीतला ढोल थांबवला. पण "माझ्या शरीरात कधीच काही वेगळं जाणवता कामा नये, सगळं नॉर्मलच असलं पाहिजे" हे आतलं फर्मान थांबवायला कुठली गोळी नाही. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे भावनेमागचा हट्टी विचार शोधून, काम करते, त्यामुळे माझे कान त्या "च"कडेच लागलेले असतात. "नॉर्मल असलेलं बरं" आणि "नॉर्मलच असलं पाहिजे" यांत भर पडते ती एका "च"ची, झोप मात्र उडते.

पुढच्या भेटींत आम्ही "च" काढायचा सराव केला. घड्याळ काढायला मी सांगितलं नाही. आकडा दिसला की त्यापुढे एक वाक्य लिहायचं, एवढंच ठरलं. पहिल्या आठवड्याच्या वहीत होतं: "५४. हात गार. मोजे घातले. फाइल उघडली." मला ते फार आवडलं. मोजे घातले आणि फाइल उघडली!

गोळी घेणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगते. हातपाय गार पडणं, थोडा थकवा, स्वप्नं हे त्रास बऱ्याच जणांत सुरुवातीला होतात आणि पुष्कळदा ओसरतात. अंथरुणातून ताडकन उठू नका. आधी काठावर बसा. व्यायाम करताना नाडीचा आकडा गाठायला जाऊ नका, गोळी तो वर जाऊ देणार नाही. चालताना बोलता येतंय ना, तेवढं बघा. पण श्वासात घरघर, भोवळ, शुद्ध हरपणं, पायांवर सूज किंवा नाडी वारंवार पन्नासच्या खाली, यातलं काही असलं तर वही-बिही बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. दमा असेल तर गोळी घेण्याआधीच सांगा, कारण ती श्वासनलिका आवळू शकते. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असाल तरीही सांगा. साखर उतरल्यावर होणारी धडधड हिच्यामुळे कळत नाही, घाम मात्र येतो, त्याच्याकडे लक्ष ठेवा. आणि कृपा करून काकांच्या स्ट्रिपमधली एक मुलाला इंटरव्ह्यूसाठी देऊ नका. हे मी दरवर्षी पाहते.

चार महिन्यांनी डॉक्टरांनी सुहासची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवायला घेतली. गोळी पूर्ण थांबल्यानंतरच्या सोमवारी दुपारी त्याचा फोन आला.

"धडधडलं मॅडम. एकशे दहा. आणि आकडाही चुकीचा सांगितला."

"मग?"

"साहेब म्हणाले, दुरुस्त करून मेल करा."

"मग?"

"केला. आता जेवायला बसलोय."