बोन कार्व्हिंगला मराठीत काय म्हणायचं? हस्तिदंती, अस्थिशिल्प की अजून काही

प्रश्न असा होता की इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या, इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकातल्या हाडाच्या कोरीव पट्ट्यांचे फोटो टाकायचेत, वर नाचणाऱ्या बाया, ग्रीकांचा मद्याचा देव डायोनायसस, द्राक्षवेली वगैरे, तर कॅप्शनमधे 'हस्तिदंती' लिहिलं तर चालेल का, कारण 'अस्थी' लिहिताना हात अडखळतो.

हस्तिदंती नकोच. हत्तीचा सुळा हा खरोखरच दात आहे त्यामुळे हस्तिदंत शब्द अगदी चोख आहे, आणि तो फक्त त्यालाच ठेवावा. या पट्ट्या गुराच्या किंवा उंटाच्या पायाच्या लांब हाडाच्या आहेत. जवळून बघितलं तर हाडात बारीक काळपट ठिपके नाहीतर रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा, आणि सुळ्याच्या आडव्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. शिवाय हाड आतून पोकळ, म्हणून कारागिराला मिळणार एक अरुंद, थोडी बाक असलेली फळी, तिच्यातच अख्खी नर्तकी बसवायची! त्या बायका अशा उभट, अंग वळवून उभ्या का दिसतात त्याचं बरंचसं उत्तर मला तरी या हाडातच दिसतं, आणि हस्तिदंती म्हटलं की नेमकं तेच झाकलं जातं.

आता 'अस्थी'. संस्कृतात साधं हाड, पण आपल्याकडे अस्थी म्हटलं की कलश आणि विसर्जनच डोळ्यापुढे येतं, त्यामुळे तुमचा हात अडखळला ते बरोबरच आहे. गंमत म्हणजे हाच शब्द आपल्या तोंडी दुसऱ्या रूपात रोज असतो, फणसाची आठळी, तिचं मूळ अस्थीच, म्हणजे फळातलं हाड. आपलं 'हाड' आलंय प्राकृतातल्या 'हड्ड'वरून. अस्थिशिल्प व्याकरणात बसतं पण मला ते जड वाटतं, आणि शिल्प म्हटलं की सुटी मूर्ती वाटते, या तर लाकडी पेट्यांवर आणि फर्निचरवर जडवायच्या पट्ट्या.

'हाडाची नर्तकी' मात्र लिहू नका, हाडाचा शिक्षक, हाडाचा शेतकरी यातला 'हाडाचा' लगेच मधे येतो आणि वाचणाऱ्याला वाटतं हिच्या अंगातच नाच आहे. 'हाडावर कोरलेली नर्तकी' म्हटलं की गोंधळ संपला. एकूण कामाला 'हाडावरचं कोरीवकाम', सुट्या वस्तूला 'कोरीव हाडाची पट्टी'. नक्षीकाम म्हणायलाही हरकत नाही, पण ते वेलबुट्टीला जास्त शोभतं, माणसांच्या आकृत्या असतील तिथे कोरीवकामच बरं.

अलेक्झांड्रियातच कोम अल-दिक्का म्हणून जागा आहे, पोलिश टीम तिथे १९६० पासून काम करतेय, तिथल्या घरांमधे हे काम करणाऱ्यांचे छोटे वर्कशॉप आणि अर्धवट कोरलेले तुकडे सापडलेत. त्यातल्या एखाद्याचा फोटो असेल तर 'अपूर्ण' लिहू नका, 'अर्धवट कोरलेली पट्टी' लिहा, म्हणजे काम मधेच थांबलंय हे कळतं.