ग्रीसच्या ग्रुप टूरला पहिल्यांदा जाताना

ताई, पैसे भरण्याआधी करिंथ या प्राचीन शहराला किती वेळ दिलाय ते बघा. अर्धा दिवस तरी हवाच. बहुतेक मंडळी अपोलोच्या देवळाचे उभे असलेले 7 खांब बघतात, फोटो काढतात आणि बसकडे वळतात. तुम्ही तिथून खाली बाजारचौकात उतरा आणि बेमा शोधा, म्हणजे रोमन अधिकाऱ्याचा न्यायचौथरा. येशूचा प्रेषित पौल याला गल्लियो या रोमन प्रांताधिकाऱ्यापुढे उभं केलं ते इथेच, असं मानतात. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’चा 18वा अध्याय आदल्या रात्री वाचून जा, नाहीतर तो नुसता दगडी ओटा वाटेल. टूरमध्ये डेल्फी हे प्राचीन ठिकाण असेल तर तिथला गल्लियोचं नाव असलेला शिलालेख गाईडला मुद्दाम दाखवायला सांगा. त्यावरून गल्लियोचा काळ कळतो, आणि पौल इ.स. 50 ते 52 च्या सुमारास करिंथला होता, हे मुख्यतः त्याच्याच आधारे ठरवतात. तुटलेले तुकडेच आहेत, पण माझ्या मते अख्ख्या सहलीत याहून मोलाचं काही नाही.

अथेन्सला अरिओपागसचा, म्हणजे पौलाने जिथे भाषण केलं असं मानतात तो, खडक पावलांनी घासून गुळगुळीत झालाय. जुन्या कोरीव पायऱ्यांच्या नादी लागू नका, शेजारचा लोखंडी जिना धरा. बूट चांगल्या पकडीचेच हवेत.

फिलिप्पैच्या प्राचीन अवशेषांत सावली फार कमी, म्हणून टोपी आणि पाणी बसमध्ये विसरू नका. थेस्सलनीकेला (आजचं थेस्सलोनिकी) रोटुंडा या जुन्या गोल इमारतीत मान वर करून घुमटातली मोझेइकं निवांत बघा, घाई झाली तर गाईडला थांबवा. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, एक ओढणी पर्समध्ये असू द्या. आणि जमलं तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरची तारीख घ्या, जुलै-ऑगस्टचं ऊन तिथे सोसवत नाही.